एकदा सोडून

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, विल्सनला तर नाहीच. सांगण्यासारखं काही मोठं आहे असंही नाही – निदान तीस वर्षं मी स्वतःला हेच समजावत आलो. एका जीपची गोष्ट. त्यात कुणी मेलं नाही, कुणाला खरचटलंही नाही. मग इतकी वर्षं घशात का अडकली असेल?

जीप विल्सनच्या वडिलांची. बोरिवलीला गावठाणात त्यांचं कौलारू घर, आणि त्याला लागूनच उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये आमचं बिऱ्हाड. विल्सन माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या वडिलांना तो पापा म्हणायचा, म्हणून मीही पापाच म्हणतो. पापांनी ती जीप लष्कराच्या लिलावातून आणली होती. रविवारी चर्चमधली मिसा आटोपून आले की ते तिला आंघोळ घालायचे, स्वतःच्या पोरांना घातली नसेल इतकी निगुतीनं. भाजीची पोती, आजारी माणसं, गोराईच्या वाळूत रुतलेले दुसऱ्यांचे टेम्पो – तिनं सगळं ओढलं. आणि पापांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. बॉनेटवर थाप मारून ते म्हणायचे, "हिनं मला कधी रस्त्यावर सोडलं नाय."

बढाईची मला ॲलर्जी आहे. सत्काराच्या शाली, कोनशिला, 'दोन शब्द' बोलायला उठून वीस मिनिटं उभे राहणारे पाहुणे – या सगळ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. पण पापांचं ते वाक्य बढाई नव्हतं. ते खरं होतं. आणि मी – थांबा, क्रमानं सांगतो.

विल्सनच्या बहिणीचं, फिलोमिनाचं लग्न होतं. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, कळशा भरतात, आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. पुढे बँड, मध्ये नाचणारे, मागे कळशा. रोझी आत्याचे, म्हणजे पापांच्या बहिणीचे गुडघे तेव्हाच गेलेले, म्हणून ती मानाची कळशी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसणार असं ठरलं. पापा मुलीचे बाप, त्यांना नाचायचं होतं. विल्सन बँडवाल्यांच्या मागे. पापांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "येते ना रं गाडी?"

"येते की," मी म्हणालो.

खरं तर क्लच म्हणजे काय हे मला वाचून माहीत होतं. अगदी आकृतीसकट. प्रत्यक्षात मोकळ्या मैदानावर दोन सकाळी विल्सनबरोबर बसलो होतो, तेवढंच. मग 'येते की' का म्हणालो? चारचौघांत, नव्या शर्टात, समोर नवरीच्या मैत्रिणी असताना 'येत नाही' म्हणणारा तरुण तुम्ही पाहिलाय का?

विहिरीपर्यंत उतार होता, निभावलं. येताना तोच चढ झाला. रस्त्याकडेच्या क्रुसाच्या अलीकडे बँडवाल्यांना चेव आला, मिरवणूक तिथेच थांबून नाचू लागली, आणि मलाही चढावर थांबावं लागलं. मग पुढे सरकायची वेळ आली. मी क्लचवरचा पाय सोडला – सोडला म्हणजे काढूनच घेतला. जीपनं असा काही गचका दिला की आत्याच्या मांडीवरची कळशी उलटली. मानाचं पाणी आत्याच्या नव्या लुगड्यात. इंजिन बंद. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबत सुटलो, दाबतच सुटलो, म्हणजे चालू व्हायची जी काही आशा होती तीही पेट्रोलमध्ये बुडवली.

पापा घामाघूम धावत आले. त्यांनी आधी आत्याकडे पाहिलं नाही, जीपकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "क्लच सुटला काय रं?"

किती सोपा प्रश्न होता! त्यात उत्तरही घालून दिलेलं. 'हो' म्हटलं असतं तर लोक आठवडाभर हसले असते, पापांनी डोक्यात टपली मारली असती, आणि संपलं असतं.

मी म्हणालो, "नाही पापा. आपोआप बंद पडली."

त्यांनी विश्वास ठेवला. पोरगा खोटं कशाला बोलेल? बॉनेट उघडलं, हँडल मारलं, पण माझ्या कृपेनं पेट्रोल तुंबलेलं. जीप काही केल्या उठेना. शेवटी चौघांनी ढकलत घरी आणली. बायका पुन्हा विहिरीवर गेल्या. कुणीतरी म्हातारी पाणी सांडलं म्हणून तोंडातल्या तोंडात पुटपुटली. आणि पापा सगळ्यांदेखत म्हणाले, "माझीच चूक. सकाळी नीट बघायला पायजे होती."

सकाळी त्यांनी दोन तास बघितली होती. मी शेजारी उभा होतो.

त्यानंतर कित्येक रविवार त्यांनी तो बिघाड शोधला. कार्ब्युरेटर उघडला, प्लग बदलले, तारा बदलल्या. नसलेला बिघाड सापडणार कसा? आणि सापडत नाही म्हणून त्यांचा जीपवरचा भरवसाच उडाला. आधी त्यांनी तिला हायवेवर नेणं सोडलं, मग गावठाणाबाहेर नेणं सोडलं. ती चिंचेखाली ताडपत्रीत गेली. रविवारी मिसानंतर ते तिला जागच्या जागी चालू करायचे, थोडा वेळ ऐकायचे आणि बंद करायचे. त्यांचं वाक्य मात्र राहिलं. फक्त पापा खरं बोलणारे, म्हणून त्याला शेपूट लागलं. "हिनं मला कधी रस्त्यावर सोडलं नाय... एकदा सोडून."

तीस वर्षं ते शेपूट मी ऐकतोय. कुठल्याही नव्या माणसापुढे, प्रामाणिकपणे, दरवेळी.

गेल्या वर्षी विल्सनच्या मुलीचं, रेचलचं लग्न ठरलं आणि तिनं जाहीर केलं की उंबराच्या पाण्याला जीप हवी, आणि ती बॅटरीवर चालणारी हवी. विल्सनला निमित्तच हवं होतं. गोरेगावच्या एका गॅरेजवाल्यानं पाहणी केली. इंजिन काढायचं, त्या जागी मोटर, पुढे-मागे बॅटऱ्या. गिअरबॉक्स तीच, चारही चाकांना जोर देणारा दांडाही तोच. रविवारच्या जेवणावर पापांना विचारलं. मला वाटलं, नाही म्हणतील. ते पावानं सोरपोतेलचा, म्हणजे डुकराच्या मटणाचा रस्सा पुसत म्हणाले, "काढा ते इंजिन. एकदा त्यानं मला खाली बघायला लावलंय."

आता बोलायचं होतं ना? याहून चांगली वेळ कुठली? पण मी काय केलं माहितीये – मी भाषण केलं! स्वच्छ हवा, येणाऱ्या पिढ्या, वगैरे. पर्यावरणावर, हातात पाव धरून, चांगली दहा मिनिटं. रेचलनं टाळ्या वाजवल्या. ज्यांची मी आयुष्यभर टिंगल केली त्या पाहुण्यांच्या रांगेत मी त्या दिवशी खुर्ची मिळवली.

इंजिन काढायच्या दिवशी पापांनी ते शेवटचं चालू केलं. पहिल्या झटक्यात. असं गुरगुरलं की चिंचेवरचे कावळे उडाले.

"च्यायला पापा, हे तर झकास चालतंय!" विल्सन म्हणाला.

"चालतंय रं," पापा म्हणाले. "भरवसा नाय."

मग साखळीच्या पुलीनं ते उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. अजून तिथंच आहे. मांजर झोपतं त्यावर.

पण काय सांगू – नवी जीप! गॅरेजवरून आली तेव्हा अख्खं गावठाण बाहेर. पापा ऐंशीच्या घरात, तरी स्टिअरिंगवर तेच बसले. आणि ती आवाज न करता निघाली. गल्लीतली कुत्री जागची हलेनात, त्यांना कळलंच नाही की काही येतंय. पापांचा डावा पाय क्लच शोधत हवेत फिरत होता, कारण क्लच आता नव्हताच. विल्सन ओरडतोय, "पापा, नुसता दाबा आणि सोडा!" पापा हसतायत, दात नसलेलं, लहान पोरासारखं. क्रुसाच्या चढावर त्यांनी मुद्दाम थांबवली. पुन्हा निघाली. पुन्हा थांबवली. पुन्हा निघाली, लोण्यातून सुरी जावी तशी. चार वेळा त्यांनी तेच केलं. इतका आनंदी माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता. मीही हसत होतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तो आनंद खोटा नव्हता, एवढं तरी माझं ऐका.

उंबराच्या पाण्याच्या संध्याकाळी पापांनीच चालवली, शेजारी विल्सन. मागे रोझी आत्या आणि मी. यंदा कळशी माझ्या मांडीवर दिली होती.

आत्या मला म्हणाली, "तुझ्याबरोबर बसायचं म्हणजे छत्री आणायला हवी होती."

मी हसलो. तिला काही माहीत नाही. बँड चढावर थांबला, पोरं नाचली, जीप थांबली, निघाली. कळशीतलं पाणी काठाशी डुचमळलं, पण थेंब सांडला नाही. घरी पोचलो तेव्हा नवरदेवाचे काका कौतुकानं बॉनेटवरून हात फिरवत होते. पापांनी खाली उतरून थाप मारली.

"हिनं मला कधी रस्त्यावर सोडलं नाय," ते म्हणाले. मी कळशी घेऊन उभा होतो. वाटलं, आज नाही म्हणणार. आज कशाला म्हणतील?

"एकदा सोडून," पापा म्हणाले.

मी कळशी आत नेऊन दिली.

इंजिन चांगलं होतं. पाय माझा होता.