महानंदाबाईंचे बसलेले पूर्वज

महानंदाबाईंचं घराणं गावात आलं तेव्हा तिथं आधी कोण कोण राहत होतं, हे कुणालाच सांगता येत नसे. पण ते 'आलं', एवढं मात्र प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं.

पणजोबा विजापुराकडून बैलांवर कापड लादून आले, सिरसाळ्याजवळच्या या गावी दुकान टाकलं, शेत घेतलं आणि इथंच मेले. आजोबा इथले, वडील शंकरप्पा इथले. महानंदाबाईंना कानडीतलं 'ये' आणि 'जा'सुद्धा येत नव्हतं. तरी गावात त्या कानडीण. त्यांच्या आजोबांनी विहिरीला दिलेले दगड गाव दुसऱ्याच वर्षी विसरलं होतं. पणजोबांचे बैल मात्र अजून आठवत होते.

पंधराव्या वर्षी विधवा होऊन बाई माहेरी परतल्या. वडिलांनी पाटीवर बाराखडी घालून दिली. मग त्या दुकानातल्या पुड्यांचे कागदही वाचल्याशिवाय टाकेनात. मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, जाऊन परीक्षाही पास झाल्या. पुढं वडील गेले आणि भावाच्या घरात त्यांची जागा चुलीपासून परसापर्यंत उरली. तेवढ्यात सरकारनं गावात मुलींची शाळा मंजूर केली. मास्तरीण व्हायचं, वेगळं बिऱ्हाड करायचं, भावजयीला न विचारता चहा टाकायचा, एवढीच बाईंची महत्त्वाकांक्षा.

पण निजामाच्या राज्यात नोकरी मुल्की माणसालाच, म्हणजे इथल्यालाच. त्याचा दाखला तहसीलदार देणार आणि साक्ष पाटलाची.

विठ्ठलराव पाटील सुपारी कातरत म्हणाले, "पोरी, तुजं काम लई चांगलं हाय. पर खोटं कसं सांगू? तुमी पडले कानडी."

"काका, माझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या तुम्ही."

"घुगऱ्या खाल्ल्या म्हून काय तुमी इथले झाले?"

पाटलांना खोट्याचा फार तिटकारा. त्यांच्या भाच्याची बायको त्याच महिन्यात अक्षरं गिरवायला लागली होती, तो निव्वळ योगायोग.

आठवड्यानं तहसीलदार गावात आले. हे लखनौचे, येऊन तीन वर्षं झालेली. राज्यात परके लोक घुसतात, याची त्यांना मनापासून काळजी. चावडीवर त्यांनी विचारलं, "बाई, पाटील तर नाही म्हणतात. तुमच्याकडं सबूत काय?"

"हुजूर, चार पावलं चला. पणजोबा दाखवते."

सगळी चावडी मागं निघाली. शेताच्या बांधावर लिंबाखाली तीन दगड होते.

"आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. हे पणजोबा, हे आजोबा, हे आप्पा. एकदा बसले ते अजून उठले नाहीत."

तहसीलदारांनी दगड मोजले, मिशीत हसले आणि वळले. "पाटील, तुमचे बुजुर्ग कुठं आहेत?"

"आमच्यात जाळत्यात, हुजूर. अस्थी गंगाखेडला, गोदागंगेत."

"म्हणजे वाहून गेले."

"तसं न्हाई... धर्माप्रमानं..."

"ते बरोबर. पण या गावात काय शिल्लक आहे?"

पाटलांनी आभाळाकडं पाहिलं. तिथंही काही शिल्लक नव्हतं. घागर घेऊन थांबलेली भिवराबाई म्हणाली, "पाटील, कावून गप झाले? घुगऱ्या आठवून ऱ्हायल्या का?"

दाखला त्याच संध्याकाळी मिळाला.

शाळा भरली त्या दिवशी पाटील स्वतः नातीला घेऊन आले. शिवकन्या नाव. तीन पिढ्यांत अक्षर न शिवलेल्या घरातली पहिली पोर. बाईंनी रजिस्टर उघडलं.

"राहणार?"

"हितलीच की."

"आणि पणजोबा?" रजिस्टरात हा रकाना नव्हता.

पाटील गोरेमोरे झाले. "बाई, तुमी तर वळखता आमाला."

"मी कशी साक्ष देऊ, काका? तेव्हा मी नव्हते."

शिवकन्या आजोबांकडं पाहत राहिली. बाईंनी टाक दौतीत बुडवला, निथळू दिला, पुन्हा बुडवला. पाटलांच्या कपाळावर घाम आला तेव्हा कुठं लिहिलं: राहणार, याच गावची.

"जा, शिवकन्या, पुढं बस," त्या म्हणाल्या. "काका, तुम्ही निघा. शाळा मुलींची आहे."