पौर्णिमेचं पांढरं लुगडं

माकणीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. विहारात संध्याकाळी पोरांची अभ्यासिका भरते, ती मी बघतो. रक्तदाब तपासायचं काम मुक्ताबाईंचं. नोकरीला लागलेल्या आमच्या लोकांनी वर्गणी काढून हे सुरू केलं, तेही सगळ्या गावासाठी. पण बाकीच्या आळीतल्या बायका विहाराची पायरी चढत नाहीत. मग मुक्ताबाईच मशीन पिशवीत घालून त्यांच्या दारोदार जायच्या. माझं डोकं फिरायचं.

"गुरुजी, तुमी रागवा," त्या म्हणायच्या. "तवर म्या जाऊन येते."

शेजारच्या आळीतल्या शांतम्माची थोरली सून जाई गरोदर होती. पाय सुजलेले, डोकं ठणकायचं. मुक्ताबाईंनी तपासलं तर रक्तदाब चढलेला. आजच्या आज दवाखान्यात न्या, म्हणून त्या कळवळून सांगत होत्या. पौर्णिमेला ओटीभरण आहे, ते उरकलं की नेतो, असं शांतम्मा म्हणाली.

पौर्णिमेला आम्ही सगळे पांढरे कपडे घालून वंदनेला बसतो. मुक्ताबाईंचं लुगडं निळ्या काठाचं, त्यांच्या सासूनं दिलेलं. ते त्या एरवी कधी पेटीबाहेर काढत नसत. त्या दिवशी वंदना झाली आणि खीर वाढायच्या आधीच त्या मशीन घेऊन उठल्या. जाईची काळजी त्यांना बसू देत नव्हती.

शांतम्माच्या घरी बायकांची गर्दी होती. जाई हिरवी साडी, हिरवा चुडा लेवून पाटावर बसलेली. तोंडसुद्धा सुजलेलं. शांतम्मा उंबऱ्यात आडवी आली.

"पोटुशीसमोर पांढरं नेसून आलीस? आजच्या दिवशी? जा, रंगीत नेसून ये."

मुक्ताबाईंचं घर तिथून चार दारं सोडून. पण ज्या लुगड्यात त्या मान ताठ करून बसायच्या, त्यालाच ही बाई अपशकुन म्हणत होती.

"सणाचं लुगडं हाय माझं. न्हाय बदलणार," म्हणून त्या माघारी फिरल्या. विहारात सगळ्यांनी त्यांना शाबासकी दिली.

पहाटे जाईला झटके आले. उमरग्याच्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच ती गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

तेव्हापासून मुक्ताबाईंनी पांढरं नेसणं सोडलं. पौर्णिमेला पोपटी पातळ नेसून शेवटच्या रांगेत बसायच्या. आमच्याच लोकांनी नावं ठेवली. "तुझी काय चूक हाय त्यात?" असं त्यांचे मालक कोंडिबा पुन्हा पुन्हा विचारायचे. त्या पिशवी उचलून बाहेर पडायच्या. मला त्यांच्याकडं बघवत नसे.

परवाच्या पौर्णिमेला शांतम्मा विहाराच्या दारात येऊन उभी राहिली. कधी नव्हे ती पायरी चढून आत आली.

"मुक्ता, धाकटीला दिवस गेलेत. तिचेबी पाय सुजलेत. चल." मग तिचं लक्ष पातळाकडं गेलं. "आज पांढरं का न्हाय नेसलीस?"

"तुझ्या दारात यावं लागतं, म्हणून."

शांतम्मा रडू लागली. "त्या दिवशी मला ढकलून आत का न्हाय आलीस गं?"

"माझं घर चार दारांवर व्हतं, शांतम्मा," मुक्ताबाई म्हणाल्या. "म्या लुगडं बदलून का न्हाय आले?"

मुक्ताबाईंनी मशीनची पिशवी उचलली.

"चल, बघते तिला. पर आधी जीप बोलाव."