फ्रिजमधल्या कॅसेटी

आमच्या घरी दोन फ्रिज आहेत. एकात दूध, भाजी आणि आमच्या लेकीनं, खुशीनं, अर्धी खाऊन ठेवलेली कुल्फी. दुसरा कधीचाच बंद पडलेला. मी मारेगावात पंखे, कूलर, मिक्सर दुरुस्त करतो, आणि याला घरचा फ्रिज जमला नाही म्हणून पाहुणे गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. मला फ्रिज जमत होता, बायकोनं, अंजूनं, हात लावू दिला नाही. त्यात तिच्या कॅसेटी असतात.

कॅसेटी म्हणजे टीव्हीवरच्या खेळांच्या. आमच्या लहानपणी टीव्हीला एक डबा जोडायचे, त्यात पिवळी, निळी नाहीतर काळी प्लास्टिकची कॅसेट खुपसायची आणि रिमोटसाठी भावाभावांनी एकमेकांचे केस ओढायचे. पुढे मोबाइल आले, डबे माळ्यावर गेले, कॅसेटी भंगारात निघाल्या. अंजूनं त्या परत गोळा करायला घेतल्या. लग्न असो नाहीतर तेरवी, पंगतीत शेजारी बसलेल्या बाईला ही हमखास विचारणार, "तुमच्या माळ्यावर गेमची कॅसेट आहे काय वं?" मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण ती बाई घास हातात धरून आठवते, "हाव वं, आमच्या पोट्ट्याची होती," म्हणते, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पिशवीतून कॅसेट घरी येते. राळेगावची एक तर तुरीच्या डाळीत खुपसून एसटीनं आली. डाळ आम्ही खाल्ली, चांगली शिजली.

दुपारी जेवणं उरकली की अंजू दाराचा पडदा ओढते. बाहेर रस्ता उन्हानं पांढरा पडलेला असतो, कूलरचं पाणी ठिबकत असतं, घर अर्धं झोपेत गेलेलं असतं. मग ती फ्रिज उघडते. अंड्यांच्या जागी छोट्या कॅसेटी, वरच्या कप्प्यात निळ्या, मधे पिवळ्या, खाली भाजीच्या टोपल्यात मेलेल्या. मेलेल्याही ती टाकत नाही. एकेक बाहेर काढते, फडक्यानं पुसते, आतल्या पत्र्याच्या पट्ट्यांवरून खोडरबर फिरवते आणि जिथली तिथे ठेवते. कोणाला फुंकर मारू देत नाही. आम्ही सगळे लहानपणी फुंकूनच कॅसेट चालवायचो, पण तिचं म्हणणं, थुंकी उडते आणि पट्ट्या गंजतात. हे सगळं करताना तिच्या चेहऱ्यावर जी निवांत झाक येते, ती आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. जीव जळतो माझा, खोटं कशाला बोलू.

या कॅसेटी एक नंबरच्या थापाड्या. वर चित्र विमानाचं, आत बदकं. वर लिहिलेले हजारो खेळ, आत चार, तेच फिरून फिरून. म्हणून आलेली प्रत्येक कॅसेट लावूनच पाहावी लागते. ती डब्यात बसते तेव्हा खट् आवाज येतो आणि अंजू श्वास रोखून पडद्याकडे बघते. थोड्या वेळानं मान हलवते. "हे नाही." तरीही त्या कॅसेटीला फ्रिजमध्ये जागा मिळते, आणि दुसऱ्या दिवशी तीही इतरांइतक्याच मायेनं पुसली जाते.

ती एक खेळ शोधत होती. कापसाचा.

अंजूचं माहेर उमरखेडकडचं. लहान असताना तिला टायफॉइड झाला, तेव्हा दवाखाना जवळ पडावा म्हणून तिला उमरखेडला भागीरथा आत्याकडे नेऊन ठेवलं. आत्याच्या कपिलकडे टीव्हीचा खेळ होता. अंजू सांगते, तापात डोळे उघडले तेव्हा समोर कापसाचं वावर होतं. काळ्या झाडांवर बोंडं फुटलेली, आणि टोपी घातलेलं एक पोर उड्या मारत कापूस वेचत चाललेलं. रिमोट तिच्या हातात होता आणि पाठीशी तिचे बाबा, बबनराव, तिला टेकवून बसले होते. ते म्हणाले होते, "वेच, माय, वेच." पोर एका विहिरीपाशी पोचलं, तिथून पुढचं तिला आठवत नाही.

आता गंमत ऐका. कपिल म्हणतो, "कापसाचा खेळ? असा खेळ कोन बनवन? अन् मामा तं टीव्हीपुढं बसनारा मानूसच नाही." आत्या होती तेव्हा विचारलं, तर ती पदर तोंडाला लावून नुसती हसायची. आणि खुद्द बबनरावांना विचारलं, तर ते चिडायचे. "सीझनमधी मी टीव्हीपुढं बसन? येडी झाली काय? तापात पाह्यलं असन तुनं." त्यांचंही खरंच होतं. तो ऐन वेचाईचा महिना होता. कापूस फुटलेला असताना आमच्याकडे माणूस जेवायलाही धड बसत नाही.

मीही पुष्कळ वर्षं तिची थट्टा केली. मग एकदा ती म्हणाली, "मले खेळाचं काय करायचं आहे? बाबा मायाजवळ बसले होते का नाही, एवढंच पाह्यचं आहे." बबनराव वाईट माणूस नव्हे. पण त्यांच्या प्रेमाला वेळ नव्हता. पहाटे वावरात गेलेला माणूस अंधार घेऊन घरी यायचा आणि भाकरी खाऊन झोपायचा. लेकीजवळ बसलेला बाप तिच्याकडे एवढा एकच होता. कापसाचा खेळ तापातला निघाला, तर तो बापही तापातलाच ठरणार होता. त्या दिवसापासून मी थट्टा सोडली आणि भंगारवाल्यांना सांगून ठेवलं.

गेल्या मे महिन्यात बबनराव आमच्याकडे आले, वणीच्या डॉक्टरला गुडघे दाखवायला. लेकीच्या घरी मुक्काम म्हणजे त्यांच्या जिवावर आलेलं. चहा दिला तरी, "कायले त्रास घेता, जावईबापू," म्हणत. दुपारभर बाजेवर डोळे मिटून पडायचे. झोपलेत की जागे, कळायचं नाही. अशात एक दिवस लाइट कमी-जास्त झाली आणि आमचा टीव्ही जळाला. नेमकी त्याच दिवशी अंजूच्या हाती एक नवी कॅसेट आलेली. तिचा चेहरा पाहवेना, म्हणून मी दुकानातला एक जुना लहान ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणून जोडून दिला. कोणीतरी दुरुस्तीला टाकून गेलं होतं, न्यायला फिरकलं नव्हतं.

नवी कॅसेट चालली नाही. पडद्यावर नुसत्या मुंग्या. आता दोष कॅसेटीचा की टीव्हीचा, हे बघायला अंजूनं तिची नेहमीची निळी कॅसेट घेतली. ती कधी दगा देत नाही, म्हणून तपासायला वर्षानुवर्षं तीच. आम्ही त्याला लिंबाचा खेळ म्हणतो. जांभळं आकाश, हिरवी झुडपं, त्यांवर पिवळीधमक लिंबं, आणि ती तोडत जाणारं एक पोर. दोन उड्या मारून पाहायचं, चाललं की काढून ठेवायचं, एवढाच तिचा उपयोग.

खट् झालं. चित्र हळूहळू उजळलं.

पडद्यावर कापसाचं वावर होतं.

लिंबं पांढरी झाली होती. हिरवी झुडपं काळी, आकाश संध्याकाळसारखं राखी. त्यातून टोपीवालं पोर बोंडं वेचत चाललं होतं. मी अंजूकडे पाहिलं. पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "आत्याचा टीव्ही रंगीत नव्हता." इतकी वर्षं ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. येणार तरी कसं? काळी माती, पांढरा कापूस. आमच्याकडच्या पोरीला त्यात कोणता रंग कमी वाटणार होता! जे शोधत होती ते तिच्या फ्रिजमध्येच पडून होतं, आणि ती त्याला लिंबं म्हणत होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो हा असा.

कूलर घरघरत होता. पडदा फुगत होता, पुन्हा दाराला चिकटत होता. अंजू एकेक बोंड वेचत चालली होती, अजिबात घाई न करता, आणि मला वाटलं, आता ही आपल्याला दिसतेय तरी घरात नाही. खेळ खरा निघाला होता. बाप खरा होता की नाही, ते मात्र अजून कोणी सांगितलं नव्हतं. पोर विहिरीपाशी पोचलं. तिनं उडीसाठी बोट उचललं.

"थांब," मागून आवाज आला. "उडी नको मारू. पडते."

बबनराव बाजेवर उठून बसले होते. चष्मा नव्हता, डोळे बारीक केलेले.

"दोन पाखरं येतीन. पयलं जाऊ दे. दुसऱ्याचे पाय धर, थे पलीकडं नेते."

पडद्याच्या कोपऱ्यातून एक पांढरं पाखरू आलं, विहिरीवरून खाली झुकलं आणि निघून गेलं. त्याच्यामागे दुसरं.

अंजू वळली. "बाबा, मले तं विहिरीपर्यंतच आठवते. तुमाले पुढचं कसं मालूम?"

म्हातारा चोरी पकडली गेल्यासारखा माझ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "तू झोपली होती. माया मांडीवर. उठलो असतो तं तू जागी झाली असती... मंग तुया हातातला तो रिमोट घेतला अन् खेळत बसलो."

"मंग सांगतलं काहून नाही कधी?"

"काय सांगू? कापूस फुटून वावरात लोंबून राह्यला, तुयी माय मजुरायजवळ एकटी, अन् बबन्या उमरखेडात खेळ खेळून राह्यला? गावानं जगू देलं असतं मले? भागीरथेले शपथ घातली होती." मग मान खाली घालून म्हणाले, "तीन दिवस होतो. ताप उतरेपर्यंत."

अंजू रडायला लागली. लहान पोरीसारखी, मोठ्यानं, नाक-डोळे न पुसता. रिमोट तिच्या मांडीवर पडला होता आणि पडद्यावर पाखरं येत होती, जात होती. बबनरावांनी बाजेवरून वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

"काहून रडून राह्यली, माय? धर ना. हेबी पाखरू गेलं."