बांधावरचा साग

ताज्या कापलेल्या सागाला तेल लावलेल्या कातड्यासारखा वास येतो. तो आला की मला देगलूरकडचे आमचे शेत आठवते.

मी पाळण्यात असताना भूकंपात आईचे माहेर गेले. हाक मारायलाही तिकडे कोणी उरले नाही. पुढच्या पावसाळ्यात सरकारी योजनेतून बांधावर लावायला सागाची रोपे आली. जगतील तेवढ्याच रोपांना अनुदान मिळे. आई उन्हाळाभर घागरी वाहून आणी आणि प्रत्येक आळ्यात पाणी ओतताना रोपाला हळूच म्हणे, "जग." पुढे योजना संपली, अनुदान थांबले, तिचे ते म्हणणे थांबले नाही.

माझी दहावी झाली आणि लातूरच्या शिकवणीसाठी साग विकायचे ठरले. तोडणीआधी वनरक्षकाने प्रत्येक बुंध्याची साल तासली आणि हातोड्याने परवानगीची खूण उठवली. त्याच्या मागोमाग आई त्या खुणांना हळद लावत गेली.

"मावशी, खूण झाकू नका, गाडी नाक्यावर अडकंल!"

"अडकू द्या की. जखम अशी उघडी ठेवत्यात व्हय?"

तो हसला. आई हसली नाही.

लातूरच्या माझ्या खोलीला खिडकी होती, पण खिडकीबाहेर झाड नव्हते. मला सोडायला आलेल्या आईने परतीच्या बसला निघताना माठातले पाणी पेल्यात ओतले आणि माझ्या हाती दिले. मी ते पिऊ लागले, तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "जग."