गल्लीची आत्या

गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत तीस-चाळीस पोरांची आत्या एकच होती, आणि ती कोणाचीच बहीण नव्हती. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण परराज्यात कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या आमच्या लोकांच्या बहिणी खानदेशात राहिलेल्या. मग नवऱ्याने टाकलेली, घरी बसून साड्यांचे धागे कापणारी ही बाई पाळण्याजवळ उभी राहायची. नाव सांगून झालं की बायका रीतीप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घालायच्या. "हळू घाला वं, परवा अजून एक बारसं शे," ती ओरडायची.

नाव मात्र ती कोणाला विचारून ठेवत नसे. "नाव तीन ठिकानी गाजेल पायजे. मैदानात, गान्यात आन् पडद्यावर." तिला अक्षरओळख नव्हती. वाण्याच्या पुडीचा कागद ती कोणाकडून तरी वाचून घ्यायची, पानवाल्याच्या रेडिओला कान लावायची. माझ्या वेळी कोणी मेघना धावण्यात पहिली आली होती, रेडिओवर एक मेघा गायची, आणि टॉकीजला 'मेघाली' नावाचा सिनेमा लागला होता. म्हणून मी मेघना.

"तिघींची नावं वेगळी आहेत की," आई म्हणाली.

"बहिनी शेतस त्या. तू पाळना हलव."

आजीला सखू ठेवायचं होतं. आत्याने तिला गप्प केलं, "सखू ठेवशी तं पोरगी मन्हासारखी धागेच कापी."

पुढे घरोघरी टीव्ही आला आणि एकाच वर्षात गल्लीत एक रोहन, दोन रोहित आणि एक रोहिणी झाली. लोक हसत, पण बोलवायचे तिलाच.

दहावीनंतर वडिलांनी मला साड्यांवर टिकल्या लावायच्या कामाला बसवायचं ठरवलं. आत्या दारात येऊन उभी राहिली. "आप्पा, त्या पोरीच्या कानात मी काय सांगितलं ते इसरला का? कॉलेजात घाल तिला." चार दिवस ती रोज आली. पाचव्या दिवशी वडिलांनी फॉर्म आणला. मी बी. ए. झाले ते त्या चार दिवसांमुळे.

गल्लीतली पहिली पदवीधर म्हणून समाजाच्या मंडळाने सत्कार ठेवला. त्यासाठी माझी सख्खी आत्या धुळ्याहून आली. मी तिला दुसऱ्यांदा पाहत होते. गल्लीची आत्या इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मंडळाचे अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "हिच्या आत्याबाईंनी मानाची साडी घ्यायला पुढे यावं."

दोघी उठल्या.

कोणीतरी खिदळलं. वडील मला दबक्या आवाजात म्हणाले, "घरची इज्जत बघ." मी एरवी कोणाच्या बापाला न भिणारी. मी धुळ्याच्या आत्याचा हात धरून तिला पुढे आणलं. दुसरी तशीच थोडा वेळ उभी राहिली, मग पदर सारखा करून बसली. टाळ्याही वाजवल्या तिने.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन गेले. "ठेवा मॅडम तिकडे," ती म्हणाली. कात्री थांबली नाही. मला तिने त्याआधी कधी अहोजाहो केलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी शेजारच्या घरी बारसं होतं. बाई बोलवायला गेली, तर आत्याने दार अर्धंच उघडलं.

"बाळाच्या बापाला बहीन शे ना गावाला? तिला पत्र टाका."

त्यानंतर ती कोणाच्याच पाळण्याजवळ उभी राहिली नाही. दोन वर्षांनी ती कामरेजला भाचीकडे गेली आणि तिथेच वारली. कामरेज काही लांब नाही. रोज बसने नोकरीला जाणारी मी, तिकडे एकदाही गेले नाही.