खाणीतलं पाणी

आमचं गाव आता पाण्यासाठी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि तेच पाणी तीन वर्षं मीच ओढ्यात फेकलं, हेही सांगतो. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

आमच्या कळंबच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाची खाण. मी तिथला पंपवाला. दगड फोडायचा तर तळ कोरडा हवा, आणि झरे तर फुटतच राहायचे. ते पाणी उपसून ओढ्यात सोडायचं, एवढंच माझं काम. मग वरच्या थरातला चांगला दगड संपला आणि मालकांनी खडीचा क्रशर उचलून दुसरीकडे नेला. निम्म्या घरांना कुलपं लागली, चहाची टपरी गेली, शाळेत एकच मास्तर उरले. जाताना मालक म्हणाले, खाण परत चालू करू, पंप बंद करू नकोस. मला तेच हवं होतं. लोक वेडा म्हणायचे. मी म्हणायचो, खाणीतलं तुम्हाला काय कळतंय?

उन्हाळ्यात गाव टँकरच्या पाण्यावर जगायचं; तिसऱ्या उन्हाळ्यात चार दिवस तो टँकरही आला नाही. भर दुपारी बायको दहा-बारा जणींना घेऊन पंपावर हजर. पाइपाच्या तोंडाशी त्यांनी हंडे भरले. बाकीच्या गेल्या, ही मात्र थांबली. मी मालकांचा शब्द पुढे केला. तिने तो झटकून टाकला.

"मालकाचं नाव नका सांगू. मामंजी तितं गेले म्हनून तुमी तळ बुडू देत नाय, मला ठावं हाय. पर त्ये असते तर त्यांनीच पंप बंद केला असता, गावासाटी पानी साटू दिलं असतं."

खरं होतं. खाणीच्या तळाशीच दरड अंगावर येऊन माझे वडील गेले. दर वर्षी त्यांच्या तिथीला मी एकटा खाली उतरून दोन फुलं ठेवायचो. हे मी घरात कधीच बोललो नव्हतो. मला तिचा भयंकर राग आला. तरी उठून पंप बंद केला.

पावसाळा सरेपर्यंत ती जागा पाण्याखाली गेली. मी काठावर उभा राहून ढसाढसा रडलो, त्याची मला लाज नाही. मग मात्र हात धुऊन त्या पाण्याच्या मागे लागलो. मालकांना फोन करून राजी केलं, पाणी तपासून आणलं, ग्रामपंचायतीकडून टाकी बांधून घेतली आणि त्याच पंपाची लाइन गावाकडे वळवली. उरलेल्या पाण्यावर टोमॅटो उभे राहिले आणि नारायणगावच्या बाजारात आमच्या मालाची चौकशी होऊ लागली. कुलपं एकेक करून निघाली. शाळेत दुसरे मास्तर आले.

तिथीला मी अजून खाणीवर जातो. आता बायकोही बरोबर असते. खाली उतरता येत नाही, म्हणून काठावर बसून ओंजळभर पाणी पितो. गोड आहे.