बेटावरून पळालेला नवरा

आमच्या गल्लीत एक बातमी बरीच वर्षं कुजबुजली गेली, आणि दर वर्षी तिला नवं तिखटमीठ लागत गेलं. बातमी अशी: आमचा वरखाली बायकोला घेऊन दोन दिवस बेटावर गेला, पहिल्याच दुपारी तिला तिथे टाकून एकटा पळून आला, आणि घरी न जाता थेट चौथ्या मजल्यावरच्या शिवणवालीच्या इमारतीत घुसला. फुलाफुलांचा शर्ट, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. हे शेवटचं मी स्वतः पाहिलंय. उरलेलं मी फक्त पुढे सांगितलं. पण मनापासून सांगितलं.

वरखाली म्हणजे लिफ्टचा मेकॅनिक. त्याचं खरं नाव त्याच्या कंपनीला आणि बायकोला ठाऊक असेल. उंच, वाळका, नखांत कायम काळं ग्रीस. लिफ्टच्या दाराला कान लावून उभा राहायचा, डॉक्टर छातीला लावतो तसा, आणि सांगायचा, "दोर नव्हे, चाक बोलतंय." घरीही तेच. बायकोनं कपाट लावलं की हा आतल्या खोलीतून ओरडणार, "वरची बिजागरी!" बायको शाळेच्या ग्रंथालयात कामाला. दिवसभर मुलांना 'गप्प बसा' सांगून घरी यायची, तर घरात हा आवाज ऐकत बसलेला. चोवीस वर्षांत दोघं कधी सुटीवर गेली नव्हती, कारण लिफ्टांना सुटीचा वास येतो. सुटी आली की त्या हटकून अडकतात.

बेटाचं माहितीपत्रक बायकोनं अकरा महिने एका जाड शब्दकोशात जपून ठेवलं होतं. निळं पाणी, पांढरी वाळू, दोन माडांमध्ये झोपाळा, आणि झोपाळ्यात एक बाई, जिला कसलीच घाई नाही. शेवटी एका शनिवारचं ठरलं. बोट सकाळी दहाला.

आणि साडेसातला शिवणवालीचा फोन.

"अहो लिफ्टवाले, तुमची लिफ्ट मधेच थांबतेय. मी अर्धा तास दोन मजल्यांच्या मधे लोंबकळत होते, हातात एका गिऱ्हाइकाचा कोट घेऊन. त्याला उशीर झाला तर तुम्ही घालून जाणार का?"

"ताई, आज मी सुटीवर—"

"मग मी पण सुटीवर जाते, जिन्यानं!"

तो बायकोला म्हणाला, "तू धक्क्यावर हो पुढे. मी आलोच." बायकोनं बॅग उचलली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं. ग्रंथालयातली सवय.

दोष सापडला पाचव्या मजल्यावर. जुन्या पद्धतीची लिफ्ट, दार हातानं ओढायचं. अशा प्रत्येक दाराच्या वरच्या कोपऱ्यात एक खटका असतो. लिफ्ट समोर येऊन उभी राहिल्याशिवाय तो दार उघडू देत नाही. पाचव्या मजल्याचा खटका झिजून गुळगुळीत झाला होता. त्यानं तो काढला, तसाच नवा आणायला नमुना म्हणून पँटच्या खिशात टाकला. लिफ्ट तळाला आणून वीज तोडली. प्रत्येक मजल्यावर पाटी अडकवली: 'लिफ्ट बंद आहे.' आता एकच काम उरलं. खटका नसलेलं दार तारेनं घट्ट बांधायचं. तार होती पिशवीत, पिशवी तळमजल्यावर. तो खाली उतरला, पिशवी उचलली, आणि धक्क्यावरून बायकोचा फोन आला.

"अहो, ते बोटीचे दोर सोडतायत!"

तो पिशवी घेऊन पळाला. तार पिशवीतच राहिली.

बेटाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण बेटही थोडक्यातच होतं. वाळू पांढरी नव्हती, शेवाळानं काळी झाली होती आणि तिला असा वास होता, की बायकोनं पदार्पणालाच रुमाल नाकाला लावला. लॉजवर या दोघांशिवाय पाहुणा नाही. दारात पाटी: 'पोहण्याचा तलाव बंद आहे.' जेवणघराकडे पाटी: 'थंड पेये संपली आहेत.' टेलिफोनवर पाटी. दोन माड मात्र होते. त्यांच्यामधला झोपाळा सोडून नेलेला, आणि तिथेही पाटी.

वरखालीनं खास दुकानातून फुलाफुलांचा शर्ट घेतला होता. तो घालून तो त्या रिकाम्या माडाखाली उभा राहिला. बायको म्हणाली, "हललात तर फूलझाडात हरवाल." चोवीस वर्षांत तिनं केलेला हा तिसरा विनोद. तो हसला, आणि चेहरा पुसायला खिशात हात घातला तर रुमालाऐवजी खटका हाताला लागला.

"हे काय आता?" बायको म्हणाली. "सुटीवर पण सामान घेऊन आलात?"

"पाचव्या मजल्याचा आहे." मग त्याचा चेहरा जरा उतरला. "दार बांधायचं राहिलं गं."

"मग?"

"तसं काही नाही. पाट्या लावल्यात सगळीकडे."

बायकोनं त्या झोपाळ्याच्या पाटीकडे बघून नाक मुरडलं. "पाट्या! ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी पाटी. इथे तर सकाळपासून वाचनच चाललंय माझं."

ती पुढेही काहीतरी बोलत होती. त्याला ऐकू आलं नाही. पाचव्या मजल्यावर हॅलोकाका राहत होते.

हॅलोकाका जन्मापासून आंधळे. एका मोठ्या इस्पितळात तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. निवृत्त झाल्या दिवशी त्यांनी घरातला फोन काढून टाकला. "तीस वर्षं कानाला लावला, आता कान माझा मला हवाय," म्हणाले. एकटे राहायचे. इमारतीत काठी घेत नसत. म्हणायचे, घरात कुणी छत्री उघडतं का? रोज संध्याकाळी बरोबर सहाला लिफ्टनं खाली उतरायचे आणि कोपऱ्यावरच्या आमच्या बाकावर येऊन बसायचे. उशीर नाही, खाडा नाही. आम्ही घड्याळ त्यांच्यावर लावत असू.

आणि लिफ्ट वापरायला त्यांना वरखालीनंच शिकवलं होतं. आठ वर्षांपूर्वी, त्यांचा हात धरून, याच दाराशी. बोटं खटक्यावर ठेवून सांगितलं होतं, "काका, दार उघडलं म्हणजे लिफ्ट आहे. नाही उघडलं तर थांबायचं. डोळे मिटून विश्वास ठेवा." काका म्हणाले होते, "ते तर मी नेहमीच मिटलेले ठेवतो."

दीड वाजला होता. परतीची बोट दुसऱ्या दिवशी चारला.

फोनला रेंज नव्हती. लॉजच्या मॅनेजरनं हातानं दाखवलं: टेकडीवर, दीपस्तंभाच्या मागे, शेवटच्या खडकावर रेंज कधीकधी येते. वरखाली धावत चढला. कंपनीत लावला, शनिवारचं कार्यालय बंद. त्या इमारतीतला दुसरा एकच नंबर फोनमध्ये होता, सकाळचा.

शिवणवालीनं उचलला. मागे मशीन घरघरत होतं.

"कोण? लिफ्टवाले? अगंबाई, बेटावर जाऊन माझी आठवण?"

"ताई, पाचव्या मजल्यावर जा! आत्ता! काकांना—"

"काय? मशीन बंद करू दे, थांबा."

"थांबू नका! दार, काकांचं दार—"

आवाज गेला. त्यानं फोन उंच धरला, खाली धरला, खडकाच्या टोकाला जाऊन हात लांबवला. घामानं भिजलेल्या हातातून तो निसटला, एकदा दगडावर वाजला आणि पाण्यात गेला. बायको धापा टाकत वर पोचली तेव्हा हा गुडघ्यांवर बसून खाली बघत होता. तिच्या फोनला त्या खडकावरही रेंज नव्हती.

त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं नुसतं विचारलं, "ते किती वाजता उतरतात?"

"सहाला."

"मग इथे काय बसलात?"

बेटावर पिण्याचं पाणी नव्हतं, ते रोज पिंपांतून यायचं. रिकामी पिंपं घेऊन एक लाँच अडीचला परत निघायची. नावाडी तोंडातली काडीसुद्धा न काढता म्हणाला, "माणसं नेत नाही मी. पिंपं नेतो."

"मग यांना पिंप समजा," बायको म्हणाली. "आतून रिकामेच आहेत."

"एकच मावेल."

"एकच द्यायचंय."

वरखाली घुटमळला. "अगं, पण तू इथे एकटी—"

"जा म्हणते ना!" ती ओरडली. आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवलेली बाई, एवढ्या मोठ्यानं ओरडली की लॉजचा मॅनेजर व्हरांड्यात आला. त्यानं काय पाहिलं? बायको किंचाळतेय, नवरा लाँचमध्ये उडी मारतोय, त्याची एक चप्पल चिखलात रुतून राहतेय. त्याला तेवढं पुरलं. पुढच्या आठवड्यात तो सामान न्यायला शहरात आला, आणि ध चा मा व्हायला किती वेळ लागतो?

लाँच म्हणजे बैलगाडीला पाण्यात सोडावं तशी. समोरून वारा. पिंपं एकमेकांवर आपटत होती, आणि वरखाली त्यांच्यावर पालथा पडून किनाऱ्याकडे बघत होता. नावाड्याला त्यानं सात वेळा वेळ विचारली. आठव्यांदा नावाड्यानं हातातलं घड्याळ काढून त्याच्याकडेच दिलं. म्हणाला, "घ्या. मला इंजिनाचं ऐकू द्या." चार वाजले तेव्हा शहर दिसत नव्हतं. पाचला दिसलं, पण पुढे सरकेना. शिवणवालीनं काय ऐकलं असेल? 'दार' ऐकलं असेल? की हसून पुन्हा मशीनवर बसली असेल? खटका मुठीत धरून धरून तळव्यात त्याची खूण उमटली होती.

धक्क्याला लागायला पाच पन्नास झाले. मिळाली ती रिक्षा बाजाराच्या तोंडाशी अडकली. तो उतरून पळत सुटला. आम्ही बाकावर बसलो होतो. समोरून फुलाफुलांचा शर्ट, एक चप्पल, भिजलेली पँट असं काहीतरी सुसाट गेलं. मी हाक मारली, "काय वरखाली, एवढ्या लवकर?" त्यानं मानही वळवली नाही.

जिना. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्या मजल्यावर शिवणवालीचं दार सताड उघडं, मशीनखाली अर्धा शिवलेला कोट, माणूस नाही. आणि वरून आवाज.

"सोडा हो मला! चार तास झाले, बसवून ठेवलंय घरात!"

"काका, लिफ्ट बंद आहे, किती वेळा सांगू?"

"कुणी सांगितलं?"

"पाटी आहे."

"पाटी असेल. पण दार उघडलंय ना? बंद असती तर दार उघडलं असतं का? मला शिकवू नका, मला खुद्द लिफ्टवाल्यानं शिकवलंय!"

वरखाली शेवटच्या वळणावर आला तेव्हा दार पूर्ण उघडं होतं. काकांचा एक हात दाराच्या कडेवर, दुसरा पुढे, आणि उजवा पाय उचललेला. त्यांच्यामागे शिवणवाली, दोन्ही हातांनी त्यांच्या शर्टाची पाठ धरून मागे रेललेली. शर्टाची शिवण उसवत होती, तो टर्रर्र आवाज जिन्यात ऐकू येत होता.

"काका, पाय मागे!"

आवाज ओळखून काका थबकले. पाय तसाच हवेत. वरखालीनं उरलेल्या पायऱ्या कशा ओलांडल्या हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. त्यानं काकांना कमरेला धरून मागे ओढलं आणि तिघंही भिंतीला आपटून खाली बसले.

दार उघडंच होतं, आणि खालून, पाच मजल्यांच्या त्या विहिरीतून, गार हवा येत होती. ती काकांच्या तोंडावर आली. त्यांनी चेहरा तिकडे वळवला. त्यांना कळलं.

शिवणवालीनं फोनवर फक्त 'पाचव्या मजल्यावर जा' आणि 'काकांना' एवढंच ऐकलं होतं. तिला वाटलं म्हातारा आजारी पडलाय. म्हणून दोनपासून ती त्यांच्याजवळ बसून होती, नाडी बघत आणि शिव्या खात. सहाला मात्र काकांनी तिला झटकलं होतं.

वरखालीनं खटका काकांच्या हातात ठेवला. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"गुळगुळीत झालाय," ते म्हणाले. मग, "तू दार बांधायला विसरलास?"

"हो काका."

"माझा तुझ्यावर विश्वास होता रे."

वरखाली उठला, कोपऱ्यातल्या मीटरच्या पेटीतून तार काढली आणि दार बांधलं. सहा वेढे. टोक शेवटी शिवणवालीनं पिळलं. बारीक कामाची सवय तिला. मग काका म्हणाले, "जिन्यानं ने मला. बाकावर वाट बघत असतील." तिघं खाली आली. एक अनवाणी, एक फाटक्या शर्टातला, आणि मागे केस विस्कटलेली शिवणवाली. आता तुम्हीच सांगा, आम्ही काय समजायचं? काका त्या दिवशी बाकावर बसले. मी विचारलं, "हॅलो, काय झालं?" तर म्हणाले, "नंबर व्यस्त आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको बोटीतून उतरली, हातात दुसरी चप्पल.

"आहेत ना?" तिनं विचारलं.

"आहेत."

"मग घरी चला."

बातमी पसरली तेव्हा वरखाली सगळं कबूल करायला निघाला होता. बायकोनं आणि काकांनी मिळून थांबवलं. कंपनीनं त्याच दिवशी काढलं असतं. बायको म्हणाली, "नवरा पळून आला असं म्हणू देत. माणूस मारायला निघाला होता, यापेक्षा बरं." शिवणवालीला तिनं स्वतः जाऊन विचारलं, तुमच्या नावाचं काय? ती म्हणाली, "गिऱ्हाइकं वाढलीत हो. सगळ्या बघायला येतात आणि कपडा टाकून जातात." पण ती हसत हसत म्हणाली तेव्हा तिनं मान वर केली नव्हती, असं बायकोनं पुढे मला सांगितलं. यंदा वरखाली निवृत्त झाला, काका जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हा कुठे सांगितलं.

तर खरं असं. वरखाली त्या संध्याकाळी चौथ्या मजल्यावर थांबलाच नाही. तो पाचव्या मजल्यावर गेला. बायकोला त्यानं टाकलं नव्हतं. तिनंच त्याला पाठवलं होतं. त्याचं एक दार बांधायचं राहिलं होतं.